चार एकरांचं मैदान

"साहेब, तुमच्या पोरांचं मैदान रोज आखडतंय कावून?"

हे मी विचारलं. भर मैदानात, बारा पोरांच्या देखत, शेरवानीची सगळी बटणं लावून उभ्या असलेल्या मुनीरसाहेबांना. विचारून झाल्यावर मला आठवलं, की भिंत ओलांडताना खोचलेला परकर अजून तसाच खोचलेला आहे. तो मी हळूच सोडला आणि जागची हलले नाही.

भिंतीवरून भामा आणि बायना यांची डोकी दिसत होती. पैज त्यांचीच. भामा म्हणाली होती, "तुळजे, तू विचारलंस तर आठवडाभर तुझी पाटी मी धुवीन." आणि बायना म्हणाली होती, "ही काय विचारती! हजेरीला जी म्हणती तेबी कुणाला ऐकू येत न्हाई."

गेल्या वर्षापर्यंत ते खरंच होतं. माझ्या वाटचं 'जी' भामाच म्हणून टाकायची. पण दसऱ्याच्या आधी आमच्या गीताबाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं, त्रैराशिकाचं गणित घातलं, आणि ते मी बाईंच्या आधी सोडवलं. त्या दिवशी माझ्या तोंडाचं कुलूप जे पडलं ते पडलंच. मायनं लई शोधलं, अजून सापडलेलं नाही.

आता मैदानाचं सांगते. बीडला आमची मुलींची शाळा मिडलपर्यंत. तिच्या भिंतीला लागून हे मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे पैमाईशीचा वर्ग. पैमाईश म्हणजे जमिनीची मोजणी. मिडल पास झालेली पोरं तिथं वर्षभर शिकतात आणि पुढं तहसिलीत नाहीतर मोजणी खात्यात लागतात. केजची, गेवराईची, पाटोद्याची, कुठकुठची पोरं. तिथल्याच बोर्डिंगात राहतात. पत्र्याच्या पेट्या, दोरीवर वाळत घातलेली धोतरं, आणि सकाळी घंटा झाली की एका तांब्यासाठी चौघांची झोंबाझोंबी. टोपी घातल्याशिवाय वर्गात बसायचं नाही असा नियम, आणि टोप्या बारा जणांत दहा. त्यामुळे मागच्या दोघांच्या डोक्यावर पुढच्यांच्या टोप्या कशा जातात, हे आम्ही भिंतीवरून रोज फुकट बघायचो.

आम्ही हसायचो खरं. पण मला त्यांचा हेवा वाटायचा. पोटात दुखेल इतका.

कारण निजाम सरकारच्या खुर्दाद महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखात, माझी मिडलची परीक्षा होणार होती. त्यानंतर मुलींसाठी बीडात काहीच नव्हतं. पाटी माळ्यावर टाकायची आणि घरी बसायचं. मी तर घरीही बसणार नव्हते. माजलगावच्या एका घराकडून आप्पांना निरोप आला होता, आणि ती मंडळी येत्या सोमवारी मला बघायला यायची होती. मुलगा चांगला आहे म्हणे. असेल. मी म्हटलंय का वाईट आहे?

तर पोरांच्या वर्गाच्या ओसरीवर एक फळा होता. रोज पोरं मैदान मोजायची, लांबी आणि रुंदी, आणि संध्याकाळी क्षेत्र फळ्यावर लिहायची. जुन्या कागदात मैदान चार एकर होतं. फळ्यावर सोमवारी लिहिलं, तीन एकर पंधरा गुंठे. मंगळवारी, तीन एकर सहा. बुधवारी, दोन एकर सदतीस. बायना म्हणाली, "शेळ्या खात्यात काय गं मैदान?" त्यावरून पैज लागली, आणि गुरुवारच्या मधल्या सुट्टीत मी भिंत ओलांडली.

पोरं खो खो हसली. उत्तरेश्वर म्हणून एक होता, वर्गातला सगळ्यात हुशार आणि ते सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असलेला. तो म्हणाला, "ए बाई, तुला एकर म्हंजे काय ते तरी ठावं हाय का? का भाकरीएवढा आसतो म्हून ऐकलंस?"

"चाळीस गुंठे," मी म्हटलं. "आन् तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हंजे एक गुंठा. तुमची साखळी तेहतीस फुटांची हाय. तुमाला ठावं हाय ना?"

त्रिंबक नावाचा पोरगा उत्तरेश्वरच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला, "काय बे, भाजली का भाकर?"

मुनीरसाहेब मात्र हसले नव्हते. ते हैद्राबादहून आलेले, बारीक, पांढरी दाढी. आमची भाषा त्यांना कळायची, बोलायला लागले की अर्धी त्यांची यायची. ते हळूच म्हणाले, "बेटी, सवाल बराबर आहे. तीन दिवस झाले, मला झोप नाही. परवा शनिवारी औरंगाबादहून मोहतमीमसाहेब येतात, तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे बडे साहेब. त्यांच्यासमोर मोजणी होणार. ज्या वर्गाला आपलं मैदान मोजता येत नाही, तो वर्ग कशाला चालू ठेवायचा, असं ते विचारतील. मी काय सांगू?"

आणि मग मी जे बोलले ते पैजेत नव्हतं. ते मी भिंत ओलांडतानासुद्धा ठरवलेलं नव्हतं.

"मी कारण शोधून दिलं तर माझं नाव तुमच्या वर्गात घालाल?"

 भिंतीवरचं बायनाचं डोकं खाली गेलं, धप्प आवाज आला, परत वर आलं.

"लडकी? या वर्गात?" साहेब म्हणाले.

"मिडल झाल्यावर. गणितात मी पहिली हाय."

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. पोरांकडे बघितलं. पोरं पायाच्या नखांनी माती उकरत होती. "शनिवारी दहा वाजेपर्यंत," ते म्हणाले. "पण घरून वालिदची, तुझ्या बापाची, सही पाहिजे. ती मी नाही आणणार."

*

मला वाटलं होतं, साखळीतच खोट असेल. कड्या ताणल्या गेल्या की साखळी वाढते, आणि साखळी वाढली की मैदान कमी भरतं. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी. आम्ही तिघी सकाळीच मैदानावर गेलो. मुंजाजीबाबा लिंबाखाली बसून साखळीला तेल लावत होते.

हे मुंजाजीबाबा लिंबागणेशचे. जन्मभर खळ्यावर धान्य मापायचं काम केलं, मग पाठ दुखायला लागली म्हणून इथं साखळी ओढायला लागले. पोरांना मोजणी शिकवायची ती साहेबांनी, पण प्रत्यक्ष मैदानावर सगळं बाबांच्या हाती. हैद्राबादहून लोखंडी सुया यायच्या होत्या, दर साखळीला एक रोवायला, त्या काही आलेल्या नव्हत्या. म्हणून बाबा चिमूटभर चुना टाकायचे आणि मोठ्यानं आकडा ओरडायचे. पलीकडे सावलीत बसलेला उत्तरेश्वर आकडा ऐकून कागदावर लिहायचा.

"बाबा, साखळी द्या की जरा."

"जुम्म्याला सरकारी साखळीला हात न्हाई लावायचा."

"तुमी लावलाय की!"

"मी तेल लावतोय. मोजत न्हाई."

बाबांचं असं होतं. मग बायनानं घरून विहिरीचा जुना दोर आणला. बाबांच्या साखळीशेजारी तो जमिनीवर पसरला, बरोबर तिच्याएवढा ठेवून गाठ मारली. याला बाबांची हरकत नव्हती. साखळी काही उठली नव्हती जागची.

मी मागचं टोक धरलं, भामानं पुढचं, बायना दगड ठेवत चालली. मोजायचं काम भामाचं.

"लाभ!" भामा ओरडली. "दोन! तीन! चार!"

मैदानाच्या टोकाला पोचलो तेव्हा ती ओरडली, "सोळा!" रुंदी मोजली ती भरली दहा. सोळा दाहे एकशेसाठ. एकशेसाठ गुंठे म्हणजे चार एकर, अगदी कागदात लिहिलंय तसं! दोर साखळीएवढाच होता, म्हणजे साखळी चांगली होती. मैदान जागेवर होतं. मग पोरांचं कुठं जात होतं?

भामा गवतात बसली. "माझा घसा बसला. आता तुमी मोजा उद्या." बायना म्हणाली, "एक तरी गोष्ट हिच्या घशाला झेपती का?"

आणि मी तिच्याकडे बघत राहिले.

"भामे, तू मघाशी मोजलंस कसं? पुन्ना म्हण."

"लाभ, दोन, तीन..."

"एक कुठं हाय?"

"एक कशाला म्हणायचं? लाभ म्हटलं की झालं. तुझ्या घरी काय एक म्हणत्यात? बरकत कशी यील?"

आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात. ज्वारी मापा, तूर मापा, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, दुसऱ्याला दोन. आणि मुंजाजीबाबा कसं मोजतात ते मी गेले चार दिवस भिंतीवरून ऐकत होते. इतकं रोजचं, की कानावर पडून निघून गेलं होतं. बाबा म्हणायचे: "लाभ! एक! दोन! तीन!"

लाभ. मग एक.

मी पळतच लिंबाखाली गेले. "बाबा, तुमी लाभ म्हणून मागून एक कावून म्हणता?"

बाबांनी तेलाचं फडकं खाली ठेवलं. "आता बघ. म्या पयल्या दिवशी म्हटलं, लाभ, दोन, तीन. तर साहेब म्हनाले, गिनती एकपासून म्हणा, नाहीतर बच्च्यांना समजत नाही. साहेबाचा हुकूम. म्हून एकपासून म्हनतो."

"मग लाभ कशाला?"

"आगं पोरी!" बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चूल न सारवता पेटवली होती. "लाभ न म्हनता पयली साखळी टाकू का? येवढं मोठं सरकारी मैदान हाय."

म्हणजे लाभची साखळी पडायची आणि कागदावर चढायची नाही. दोन साखळ्या झाल्या की बाबा ओरडणार एक, आणि उत्तरेश्वर एकच लिहिणार. सोळाच्या पंधरा, दहाच्या नऊ. पंधरा नव्वे एकशेपस्तीस. तीन एकर पंधरा गुंठे, हा सोमवारचा फळा!

पण मंगळवारी आणखी कमी का? मी विचारलं, "बाबा, मधी थांबलात की परत कसं सुरू करता?"

"कसं म्हंजे? लाभपासून. थांबलेलं काम तसंच कुणी सुरू करतं का?"

मंगळवारी पोरं लांबीच्या मध्यावर एकदा पाणी प्यायला थांबली होती. बुधवारी दोनदा, कारण पेरूवाली आली होती. दर थांब्याला बाबांचा नवा लाभ, दर लाभाला एक साखळी गुल. तेरा नव्वे एकशे सतरा. दोन एकर सदतीस! मी जमिनीवर काडीनं गणित करत होते आणि भामा-बायना माझ्या दोन्ही खांद्यांवर वाकून बघत होत्या. उत्तर आलं तशा तिघी मिळून अशा किंचाळलो की बोर्डिंगातला स्वयंपाकी पळी घेऊन बाहेर आला.

बाबा मात्र साखळी गोळा करायला लागले. सगळं त्यांच्याही ध्यानात आलं होतं. ते म्हणाले, "पोरी, उद्या बडे साहेब येनार. म्हनतील, ह्या म्हाताऱ्यानं वर्ग बुडवला. ह्या वयात म्या कुठं जाऊ?"

त्याचा मी विचारच केला नव्हता. माझं नाव त्या वर्गात लागायचं आणि बाबांचं सुटायचं, असं कसं चालेल? मी म्हटलं, "बाबा, तुमी उद्या रोजच्यासारखंच मोजा. काही बदलू नका. बाकी मी बघते." म्हणाले खरी, पण काय बघायचं ते घरी जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

*

शनिवारी मोहतमीमसाहेब दहा वाजता यायचे ते नऊलाच आले. मोठा फेटा, हातात छडी, आणि चष्म्यातून बघताना एक भुवई कायम वर. मुनीरसाहेबांचा चेहरा उतरलेला. गीताबाईंना मी सगळं सांगितलं होतं, त्या स्वतः मला मैदानात घेऊन आल्या, पदर डोक्यावरून नीट घेऊन, ताठ मानेनं. आमची अख्खी शाळा भिंतीवर.

"ही कोण?" मोहतमीमसाहेबांनी विचारलं.

मुनीरसाहेब काही बोलायच्या आधी मीच म्हटलं, "साहेब, मोजणी सुरू करा. फक्त माझा एक अर्ज हाय. उत्तरेश्वरनं कागदावर आकडे लिहावेत रोजच्यासारखे. आन् त्रिंबकनं साखळीबरोबर चालावं, आन् साखळी पडली की झोळीत एक खडा टाकावा. कोण काय ओरडतंय तिकडं ध्यान द्यायचं न्हाई."

भुवई आणखी वर गेली. पण छडी हलली, म्हणजे चालू द्या.

मुंजाजीबाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग असा आवाज लावला की बिंदुसरा नदीपर्यंत गेला असेल. "लाभ! एक! दोन!" मध्यावर मी मुद्दाम ओरडले, "बाबा, पाणी प्या!" बाबा पाणी प्यायले. "लाभ! एक! दोन!" थोड्या वेळानं मी परत ओरडले, "बाबा, आणखी प्या!" बाबा म्हणाले, "आता तहान न्हाई," तरी प्यायले. लांबी संपली.

"कागद?" मी म्हटलं.

"तेरा," उत्तरेश्वर.

"खडे?"

त्रिंबक मोजायला लागला, चुकला, परत मोजला. "सोळा."

उत्तरेश्वरचं तोंड उघडं ते उघडंच. "आसं कसं बे? तू ज्यादा टाकलास!"

"तुझ्यासारखं सावलीत बसून न्हाई मोजलं मी," त्रिंबक म्हणाला.

मग मी सांगितलं. पहिली साखळी लाभची, तिचा आकडा नाही. थांबलं की परत लाभ, परत एक गेली. मुनीरसाहेबांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! मला वाटायचं, हा जोर लावायला ओरडतो. लाभ, हईशा, तसं काही!"

पोरं हसायला लागली, पण मोहतमीमसाहेब नाही. "तो कसूर किसका हुआ?" त्यांनी छडी मुंजाजीबाबांकडे वळवली.

बाबांनी साखळी खाली ठेवली. मी पुढं झाले.

"कुणाचाच न्हाई साहेब. मास्तरसाहेब म्हणाले एकपासून मोजा, बाबांनी एकपासून मोजलं. हुकूम तंतोतंत पाळला. लाभ त्याच्या आधीचा हाय. तो आमच्या गावात कुणाच्या हुकमानं सुरू झाला न्हाई, मग थांबणार कसा? बाबांना लाभ म्हणू द्या. लिहिणाऱ्यानं उठून साखळीबरोबर चालावं, म्हंजे झालं."

मोहतमीमसाहेबांनी मैदानाचा जुना कागद उलगडून बघितला. मग त्यांनी विचारलं, "सोळा बाय दहा?"

"एकशेसाठ गुंठे. चार एकर."

"और बुढ्ढा तीन बार पानी पिए तो?"

"लांबीत तीनदा?" मी डोळे मिटले. एक लाभ सुरुवातीचा, तीन पाण्याचे, सोळाच्या बारा. बारा नव्वे एकशेआठ. "दोन एकर अठ्ठावीस गुंठे. पण साहेब, एवढं पाणी प्यायल्यावर बाबा पुढं मोजायला राहायचे न्हाईत."

मोहतमीमसाहेबांची भुवई खाली आली. आणि ते हसले! पोट धरून, छडी काखेत घेऊन हसले. भिंतीवरून आमच्या शाळेनं टाळ्यांचा असा कडकडाट केला की लिंबावरचे सगळे कावळे उडाले. गीताबाई तर रडतच होत्या.

"मुनीर, वर्ग चालू राहील," ते म्हणाले. "आणि या लडकीला तू काय कबूल केलंस?"

मुनीरसाहेबांनी सांगितलं. मोहतमीमसाहेबांनी हजेरीचं बुक मागवलं, स्वतः उघडलं. म्हणाले, मिडल पास होईपर्यंत दुपारी दोन तास बसू दे, पास झाली की पक्की. उस्तानी, म्हणजे आमच्या गीताबाई, सोबत बसतील. मग मुनीरसाहेबांनी बोरू शाईत बुडवला आणि बारा नावांखाली उर्दूत, उजवीकडून डावीकडे, माझं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही. उत्तरेश्वर बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "उद्या येताना टोपी आणावी लागंल. आमच्यात आधीच दोन कमी हायत्या." मी म्हटलं, "मी पदर घेते. तुमची तुमी बघा."

मुनीरसाहेबांनी दिलेला सहीचा कागद हातात घेऊन मी जी धावत सुटले ती घरीच थांबले. भामा अर्ध्या वाटेपर्यंत मागं होती, मग म्हणाली, जा बाई, मला धाप लागली.

ओसरीवर आप्पा बैलाच्या गळ्यातला पट्टा शिवत होते. माय सोमवारसाठी डाळ निवडत होती. माझा अवतार बघून ती म्हणाली, "वेणी कुठं गेली? आन् माजलगावची मंडळी येणार तर असं मैदानातून हुंदडत्यात का? लोक बघत्यात!"

"बघितलं माय, सगळ्यांनी बघितलं. औरंगाबादच्या साहेबांनीसुदिक."

आप्पांनी दाभण थांबवलं. त्यांचा चेहरा रागाचा का कसला ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायला मी थांबलेही नाही. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, बोटानं जागा दाखवली, आणि हजेरीला कधी निघाला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात म्हटलं:

"आप्पा, माय, ऐका. मी ठरवलंय. माजलगावच्या पाहुण्यांना आजच निरोप धाडा, सोमवारी येऊ नका म्हणावं, पोरगी दुपारची घरी नसती. मी पैमाईशीच्या वर्गात जाणार हाय. नाव लागलंय, तेरावं. मिडल झालं की पूर्ण वर्ष शिकणार, आन् मग या जिल्ह्यातली जमीन मोजणार. आप्पा, तुमची सही इथं पाहिजे."